उचलायची रीत

माणूस ओकला म्हणून टाळ्या वाजवणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या पांढुर्ण्यात, नागपूर रोडवर संत्र्याच्या जुन्या गोदामात निघालेल्या व्यायामशाळेत. तिशीतला एक कापड दुकानदार दोरीवरच्या उड्या आणि लोखंडी गोळ्याचे झोके संपवून कोपऱ्यातल्या निळ्या बादलीपर्यंत कसाबसा पोचला आणि सकाळचे पोहे त्याने तिच्यात परत केले. सगळे थांबले. मला वाटलं, आता कोणी पाणी आणेल, पाठीवरून हात फिरवेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्याने मोबाइल काढून त्याचा बादलीसकट फोटो घेतला आणि हा गडी ओठ पुसत, अंगठा वर करून हसला. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. पुढे कित्येक दिवस पोहे पाहिले की मला ती बादली आठवायची, आणि आमच्याकडे पोहे टाळायचे म्हणजे लोकांकडे जाणंच टाळावं लागतं.

आता मी तिथे काय करत होतो, असं कोणीही विचारेल. पन्नाशी उलटलेली, सौंसरच्या एका सरकारी कचेरीत खुर्ची झिजवायची, सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने यायचं, यात माझी सगळी कसरत संपते. मला दंड फुगवायचे नव्हते आणि पोट आत न्यायचीही हौस नव्हती. ते पोट मी मेहनतीने कमावलं आहे. मला फक्त एक माणूस खाटेवरून, खुर्चीवरून, वेळ आली तर जमिनीवरून नीट उचलायला शिकायचं होतं. तो माणूस म्हणजे माझी बायको.

तिला लकवा झाला तेव्हापासून डावी बाजू कामाची राहिलेली नाही. एकदा उभं करून दिलं की वॉकर धरून ती हळूहळू संडासापर्यंत जाते, आतलं सगळं आपलं आपण करते, त्यात कोणाचा हात लागलेला तिला खपत नाही. अडतं ते फक्त खाटेवरून उठण्यापाशी आणि परत टेकण्यापाशी. दिवसा एक बाई येते. ती अंगापिंडाने दणकट आहे, तिला जमतं. तिची वेळ संपली की मग मी. आणि मी म्हणजे काय, तर फाइलींचा गठ्ठा उचलताना ज्याची कंबर धरते असा माणूस.

एका संध्याकाळी मी तिला उचलायला गेलो आणि आम्ही दोघंही खाट आणि कपाट यांच्या मधल्या बोळीत घसरलो. मी तिच्या खाली नाही, ती माझ्या खाली नाही, दोघंही आडवेतिडवे अडकलो. मी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. शेवटी ओरडलो. शेजारचा पंपाच्या मोटरी दुरुस्त करणारा आला आणि येताना चौकातल्या आणखी दोघांना घेऊन आला. तिची साडी गुडघ्याच्या वर गेली होती. चांगला हात अंगाखाली दाबला गेला होता आणि दुसऱ्या हातात ती खाली ओढण्याची ताकद नव्हती. माणसं सज्जन होती, तिघांनीही भिंतीकडे पाहतच तिला उचललं. शेजारी तर जाताना "वहिनी, काई वाटून घेऊ नका" असंही म्हणाला. पण भिंतीकडे पाहावं लागलं, म्हणजे आधी दिसलं होतंच.

त्यानंतर तिने एक युक्ती काढली. दुपार टळली, बाई जायच्या बेतात आली की पाणी बंद. संध्याकाळचा चहा बंद. रात्रीच्या जेवणात वरण नाही, नुसती भाकरी आणि कोरडी भाजी. घशाला कोरड पडली तर ओल्या रुमालाने ओठ पुसायचे. मला हे उशिरा कळलं, लघवीची जळजळ होऊन ताप आला तेव्हा. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. ती त्यांना हो म्हणाली आणि घरी येऊन भरलेला तांब्या माझ्याकडे सरकवला.

"पानी पेलं का उठा लागते," ती म्हणाली. "उठाचं म्हनलं का तुमी पाडसान. मंग अख्खा मोहल्ला येईन मले पाहाले."

मी तिला पाडलं होतंच. म्हणून मी त्या गोदामात गेलो.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी खूश होतो. गोदाम संत्र्याचं असल्यामुळे भिंतींना अजून सडक्या सालीचा आंबूस वास होता, पण तो मी सोसला. शिकवणारा सासरी असलेल्या माझ्या मुलीच्या वयाचा, तिकडे हिंदी मुलखातून आलेला. त्याला सगळे सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणायला लागलो. त्याने मला वजनाचा लोखंडी बार दिलाच नाही. हातात एक प्लास्टिकचा पाइप दिला, नळाला लावतात तसला, आणि तो जमिनीवरून उचलायला लावला. कमरेतून वाकायचं नाही, कुल्ले मागे न्यायचे. पाठ सरळ. पोट आवळलेलं. वजन पायांना घासत वर आलं पाहिजे, अंगापासून दूर गेलं की ते दुप्पट होतं. आणि आपण वजन वर ओढतोय असं समजायचंच नाही, पायांनी जमीन खाली दाबतोय असं समजायचं. पन्नास वर्षं मी या शरीरात राहतोय, पण खाली पडलेला रुमाल उचलायची रीत मला कोणी सांगितली नव्हती.

त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरांत या व्यायामाची तत्त्वं लिहिली होती. घरात, शेतात, दुकानात शरीर ज्या हालचाली करतं त्याच इथे करायच्या. बसणं, उठणं, जमिनीवरचं उचलणं, डोक्यावर ढकलणं, ओझं घेऊन चालणं. रोज काहीतरी वेगळं, म्हणजे शरीर सवयीने आळसावत नाही. वेळ थोडा, पण त्यात चांगला दम लागला पाहिजे. आधी रीत, मग नेम, आणि जोर सगळ्यांत शेवटी. खाली शेवटची ओळ होती, ज्याचं त्याचं वजन. म्हणजे आजीबाईंनाही तोच व्यायाम आणि पैलवानालाही तोच, फरक फक्त भाराचा, आणि आपल्याला किती दम लागावा हे आपल्या अंगाने ठरवायचं, शेजारच्याच्या नाही. यात खोट काढण्यासारखं मला आजही काही सापडत नाही. एवढी शहाणी गोष्ट मी कचेरीतल्या कुठल्याही भिंतीवर वाचलेली नाही.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी मी बायकोला तसं उचललं. पाय तिच्या पायांच्या दोन्ही बाजूंना, छाती तिच्या छातीजवळ, पाठ ताठ. ती उभी राहिली. काखेत दुखलं नाही, धक्का बसला नाही. वॉकर धरून ती क्षणभर थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आज बरं उचललं." दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरून घरी आलो तर तिने चहा मागितला. अर्धा कप. मी तो चहा करताना अख्खा वेळ गॅससमोर उभा राहून गाणं म्हणत होतो, आणि मला गाता येत नाही.

माझी सगळी चीड आहे ती यामुळेच. गोष्ट खोटी असती तर मी दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. गोष्ट खरी होती आणि लोकांनी तिची घाण केली.

तत्त्व भिंतीवर आणि ओकारी जमिनीवर, असा तिथला कारभार. गड्यांच्या तोंडात खर्रा असायचा. खांद्यावर बार आणि गालात खर्रा, बैठका मारताना तो सुपारी-तंबाखूचा रस ओठांच्या कोपऱ्यातून गळायचा आणि मध्येच दाराशी जाऊन पचकन थुंकायचं. ते धुवायला कोणी नव्हतं. रबराच्या चटया पायाला चिकटायच्या. एकच टॉवेल चौघांच्या तोंडावरून फिरायचा. एकदा माझ्याही हातात आला तेव्हा तो ओला आणि कोमट होता. सदरे काढून आरशासमोर उभं राहणं तर असं चालायचं की आरसा भाड्याने दिला असता तर वसूल झाला असता. रीत शिकवायला सरांना पहिले काही दिवसच सवड होती, मग ते मोबाइल धरून फिरायचे. फळ्यावर कोणी किती वेळात संपवलं ते लिहायचे, आणि फळ्यावर नाव वर जावं म्हणून माणसं अर्ध्याच बैठका मारायची, पाठी कमानीसारख्या वाकवून वजनं हिसकायची. ते पाहून माझ्याच मणक्यात कळ जायची. मी एकदा सरांना म्हटलं, अहो तुम्हीच लिहिलंय ना, जोर शेवटी. ते हसून म्हणाले, "काका, दर्द को एंजॉय करो."

मी त्यांना सांगणार होतो की माझ्या घरी दर्द खाटेवर बसून ओल्या रुमालाने ओठ पुसतो. पण सांगितलं नाही. घरातली गोष्ट गोदामात न्यायची नाही हे मी ठरवलेलं होतं. मी का येतो हे तिथे कोणालाही ठाऊक नव्हतं. शुगर आहे, असं मी सांगून ठेवलं होतं. शुगर सगळ्यांनाच असते, त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

बायकोला माझी किळस यायला लागली होती ते वेगळंच. "आधी आंग धुऊन या," ती नाकाला पदर लावून म्हणायची. "मेल्या संत्र्याचा वास येऊन राहिला तुमच्या आंगाले." मग मी अंघोळ करून, पावडर लावून, तिला उचलायला जायचो. सासरी चाललेल्या जावयासारखा.

सासर माझं सावरगाव. जाम नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की लगेच. ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, इकडच्या काठावर पांढुर्णा आणि तिकडच्या काठावर सावरगाव, आणि मग झेंडा मिळवायला दोन्हीकडून एकमेकांवर दगड. बाहेरच्यांना हे ऐकूनच घाम फुटतो. आमच्याकडे कपाळावर खूण नसलेला माणूस म्हणजे तो त्या दिवशी गावाला गेलेला असतो. वर्षभर याच दोन काठांमध्ये सोयरिकी होतात, उसनवारी चालते, एकमेकांच्या मयतीला खांदा देतात. पण काठ म्हटला की डोकं ठिकाणावर राहत नाही. माघार घेतली असं म्हणवून घेण्यापेक्षा माणूस रक्त पुसत उभा राहील. यात शहाणपण शोधू नये, ते नाही.

सर बाहेरचे. त्यांना हे सगळं नुसतंच रंगीत दिसलं. पोळा जवळ आला तसं त्यांनी गोदामाच्या मधोमध एका टायरात काठी खोचली, वर झेंडा लावला आणि येणाऱ्यांचे दोन भाग केले, इकडचे आणि तिकडचे. एका रविवारी सामना ठेवला. बार जमिनीवरून उचलायचा, दोन्ही बाजूंचे गडी आळीपाळीने येणार, दर फेरीला वजन वाढणार, ज्या बाजूचे जास्त गडी टिकतील तिचा झेंडा. सरांनी सांगताना असंही सांगितलं होतं की ज्याला जड वाटेल त्याने वजन कमी करावं, त्याचे गुण थोडे कमी धरू. ते बिचारे आपल्या तत्त्वाला धरूनच बोलले. पण ऐकणारे कोण होते? दोन्ही काठांनी मिळून त्याच संध्याकाळी आपला नियम केला, वजन कोणी उतरवणार नाही. भांडायला बसलेल्या दोन पक्षांचं ज्या एकाच मुद्द्यावर एकमत होऊ शकतं तो हा. आणि दोन्ही काठांच्या नावांचा जो मोठा कापडी फलक त्यांनी आणला तो नेमका भिंतीवरच्या शेवटच्या ओळीवर टांगला.

त्या दिवसांत तिथे भलताच प्रकार चालला. पाठी धरून लंगडत चालणारे गडी दुसऱ्या दिवशी मलम चोपडून परत हजर. कोणी दुखण्याची गोळी आधीच गिळून येतो, कोणी बारीक आवाजात विचारतो, "तुह्याजवळ अजून हाय का एक?" बादली भरायची, टाळ्या पडायच्या. निरोगी होण्यासाठी पैसे देऊन माणसं आजारी पडत होती आणि त्याचा अभिमान मिरवत होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी बसमधून उतरताना माझ्या कमरेत चमक भरली. फार नाही, पण सांगून गेली. संध्याकाळी बायकोला उठवताना तिने माझं तोंड पाहिलं.

"उद्या नका जाऊ," ती म्हणाली.

"जाऊन येतो. हलकंच उचलीन," मी म्हटलं. "नाई गेलो तं म्हनतीन, सासुरवाडीच्या भीतीनं घरी बसला."

ती सावरगावची आहे. तिला यावर हसू आलं. लकव्यानंतर तिचं हसू एकाच बाजूने येतं, पण येतं तेव्हा मला पूर्ण दिसतं.

रविवारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. उघडी अंगं, हाताला चोळायच्या खडूच्या भुकटीचा धुरळा, घाम, खर्रा, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पहिल्या फेऱ्या निघाल्या. तिकडच्या एका धिप्पाड गड्याने पाठ अशी वाकवून बार ओढला की मी डोळे मिटले. तो उचलून नाचला आणि लगेच भिंतीला टेकून खाली बसला. मग माझा नंबर आला. बारवर जे वजन होतं ते मी कधी उचललेलं नव्हतं. तरी मी जाऊन उभा राहिलो, पाय ठेवले, हात लावला, अंगाला विचारलं. अंगाने सरळ नाही म्हणून सांगितलं. मी उठलो, दोन्ही बाजूंची एक एक चकती काढली आणि जमिनीवर ठेवली.

मग आमच्याच काठावरून कोणीतरी म्हणालं, "जावई सासुरवाडीले मिळाला रे." तिकडून हशा. एकजण मेहुण्याच्या थाटात म्हणाला, "भाटव्यानं मान राखला आमचा." आमच्या बाजूचा तो कापड दुकानदार, बादलीतला, पुढे आला आणि चकती उचलून परत बारवर चढवायला लागला. "काका, अख्ख्या पांढुर्ण्याची इज्जत हाय. येवढं बी नाई होऊन राहिलं तुमच्यानं? मंग कायले येता इथं?"

कायले येता, हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. इतक्या दिवसांची सगळी घाण माझ्या गळ्याशी आली. त्या कोमट टॉवेलासकट.

"घरी माही बायको पडून हाय म्हनून येतो," मी ओरडलो. "तिले रोज उचलून संडासात न्या लागते मले. माही पाठ गेली तं तुमच्यापैकी कोन येनार हाय उचलाले? अन तुमी आले तं ते मरन शरमेनं. तुमाले बलवा लागू नये म्हनून ते दुपारपासून पान्याचा घोट घेत नाई, मालूम हाय का? अन मी इथं झेंड्यासाठी कंबर मोडून घेऊ?"

बोललो तेव्हा बरं वाटलं, हे मी लपवत नाही. दुकानदाराने चकती खाली ठेवली. आणि मग सरांचे डोळे भरून आले. त्यांनी टाळी वाजवली. एक, मग दुसरी, मग सगळ्यांनी. इकडचे, तिकडचे, दोन्ही काठ मिळून. "ये है असली फंक्शनल फिटनेस," सर म्हणाले आणि माझा हात धरून वर केला. ज्या टाळ्या मी बादलीपाशी ऐकल्या होत्या त्याच होत्या, तोच आवाज, त्याच तळव्यांचा. मी हात सोडवून घेतला तेव्हा मला दिसलं, समोरचा एकही मोबाइल खाली गेलेला नव्हता.

घरी यायला मला वेळ लागला. मी बाजारातून संत्री घेतली, ओळखीचे भेटले, पुलाकडे उगीच एक चक्कर मारली. बाई निघून गेली होती. बायको खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, मोबाइल मांडीवर पालथा. तिच्या माहेरच्या माणसांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात सकाळी उठल्याबरोबर फुलं आणि जय भीम येतात, लग्नपत्रिका येतात, कोणाच्या म्हशीचे फोटो येतात. त्यात मी आलो होतो. सरांनी मागून संगीत लावलं होतं आणि माझं बोलणं खाली हिंदीत मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, म्हणजे ज्याला आमची बोली कळत नाही त्यालाही संडास आणि पाणी नीट कळावं. खाली हात जोडल्याची, रडल्याची, फुगवलेल्या दंडाची चित्रं. तिच्या भावजयीने लिहिलं होतं, भाग्यवान आहे आमची नणंद.

खाटेशेजारचा तांब्या रिकामा होता. उशाची प्लास्टिकची बाटलीही रिकामी. तिच्या गळ्यावर पाणी सांडल्याची ओल होती.

"पेली मी," ती म्हणाली. "आता कोनापासून लपवाचं हाय."

मी सांगायला लागलो. ते मला कसं बोलले, चकती कशी चढवायला लागले, कमरेत आदल्या दिवसापासून कशी चमक होती. मी तुझ्यासाठीच वजन उतरवलं, असंही म्हटलं. ती ऐकत होती. रागावली असती तर मी सोसलं असतं. तिने फक्त विचारलं, "मले एक डाव विचारलं असतं तं?"

थोड्या वेळाने तिला उठायची गरज लागली. तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळतं. मी हात धुतले, वॉकर जवळ आणला, पाय तिच्या पायांच्या दोन्ही बाजूंना ठेवून वाकलो, रीतीने. तिने चांगला हात उचलला आणि तळवा माझ्या छातीवर टेकवला. ढकललं नाही, नुसता टेकवला. मी थांबलो.

"शेजारच्या भाऊले बलवा," ती म्हणाली.

"मी हाय ना."

"त्याइले बलवा. त्याइनं पह्यलेच पाहेल हाय सारं. त्याइनं कोनाले सांगतलं नाई."

मी गेलो. शेजारी अंगणात मोटरची तार गुंडाळत बसला होता. त्याच्याही मोबाइलवर ते आलं असावं, कारण तो माझ्याकडे नीट पाहत नव्हता. काही न विचारता हात पुसून माझ्यामागे आला. दारातच थबकला, खाली पाहत म्हणाला, "वहिनी, येऊ का?" ती ‘या’ म्हणाली. त्याने तिला सगळं चुकीचं उचललं. पाय जुळवलेले, पाठ वाकलेली, सगळा भार दंडांवर, अंगापासून हातभर दूर. तिला काखेत दुखलं असणार, पण ती हूं की चूं करत नव्हती. त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली, वॉकर पकडला आणि म्हणाली, "भाऊ, लई तरास देऊन राहिली तुमाले." मग संडासाकडे वळताना मला म्हणाली, "तुमी भायेर थांबा."

आम्ही दोघेही अंगणात येऊन उभे राहिलो. त्याने कमरेवर हात ठेवला होता आणि त्याला धाप लागली होती. मग हळूच म्हणाला, "भाऊ, ते उचलाची काई रीत असते म्हंतात. मले बी सांगून ठेवा. वहिनीले दुखलं असन आज."

मी त्याला समोर उभं केलं. पाय थोडे फाकव म्हटलं. कुल्ले मागे, पाठ सरळ, तिला अंगाशी घ्यायचं, लांब धरायचं नाही. तो मन लावून शिकत होता, पण गुडघे आत नेत होता, म्हणून मी वाकून त्याचे गुडघे हाताने बाहेर वळवले. आतून पाण्याचा आवाज आला, मग वॉकर टेकल्याचा. मग तिने हाक मारली, "भाऊ, झालं." तो आत गेला.